ऑफिसचा व्हीपीएन आणि आपला फोन

मागच्या महिन्यात आपण फोनचा बॅकअप कसा घ्यायचा ते पाहिलं. त्यानंतर आलेल्या निरोपांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता: "ऑफिसने स्वतःच्या फोनवर व्हीपीएन टाकायला सांगितलंय. टाकू का? टाकला तर ऑफिसला माझं काय काय दिसेल?"

हा प्रश्न आपल्या इंदूरच्या घरांत का येतो, हे सांगायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-बंगळुरूहून घरी परतलेल्यांपैकी काही जण परत गेलेच नाहीत. कंपनी हिंजवडीत, टीम हैदराबादला आणि आपण लोकमान्य नगरातल्या घरी, आई-बाबांजवळ. सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत जाणाऱ्यांनाही आठवड्यातले काही दिवस घरून काम असतंच. या सगळ्यांचं घरी राहणं शक्य होतं ते बऱ्याच अंशी व्हीपीएनमुळे. त्यामुळे "टाकू नका" असं सांगून मी मोकळा होऊ शकत नाही. टाकायचाच आहे, प्रश्न आहे तो कसा टाकायचा आणि कोणत्या 'अलाउ'वर बोट ठेवायच्या आधी थांबायचं.

माझी भाची बरोबर तिथेच थांबली. तिची पहिली नोकरी, कंपनी पुण्याची. आयटीवाल्यांचा मेल आला, त्यात पाच पायऱ्या: ॲप उतरवा, ऑफिसच्या ईमेलने लॉगिन करा, अलाउ, अलाउ, ॲक्टिव्हेट. शेवटच्या पायरीला फोनने एक यादी दाखवली. त्यात पहिलीच ओळ अशी होती की या ॲपला कोणतीही पूर्वसूचना न देता फॅक्टरी रीसेट करून फोनमधला सगळा डेटा पुसता येईल. तिने स्क्रीनशॉट काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, व्हीपीएनला माझे फोटो पुसायची परवानगी कशाला लागते?"

प्रश्न अगदी नेमका होता. उत्तर असं, की व्हीपीएनला ती लागत नाही. ती परवानगी वेगळ्याच गोष्टीसाठी असते आणि एकाच मेलमध्ये आल्यामुळे ती व्हीपीएनचीच वाटते. त्या फोनमध्ये तिच्या आजोबांच्या आवाजातले व्हॉट्सॲप निरोप होते. आजोबा आता नाहीत. म्हणून हे नीट समजून घेणं तिच्यासाठी गरजेचं होतं, आणि तुमच्याही फोनमध्ये असं काहीतरी असणारच.

व्हीपीएन नेमकं काय करतो?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. आपण फोनवरून जे काही पाठवतो, ते छोट्या छोट्या तुकड्यांत जातं. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पाकीट समजा. वर पत्ता, आत मजकूर. व्हीपीएन चालू केला की फोन ते अख्खं पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालतो. बाहेरच्या पाकिटावर एकच पत्ता असतो: ऑफिसच्या दारावर बसलेल्या यंत्राचा. त्याला गेटवे म्हणतात. गेटवे बाहेरचं पाकीट फोडतो, आतलं पाकीट आतल्या सर्व्हरकडे पोहोचवतो आणि उत्तर त्याच पद्धतीने परत पाठवतो. मधल्या कोणालाही, मग तो कॅफेचा वाय-फाय असो की आपली मोबाइल कंपनी, एवढंच कळतं की इथून ऑफिसकडे काहीतरी जातंय. आत काय आहे ते कळत नाही. यालाच 'टनेल' म्हणजे बोगदा म्हणतात.

कुलपाची किल्ली मात्र पाकिटातून जात नाही. जोडणी होताना फोन आणि गेटवे एकमेकांना काही आकडे पाठवतात आणि त्यांवरून दोघेही आपापल्या जागी एकच किल्ली तयार करतात. वाटेत ऐकणाऱ्याला ते आकडे मिळाले तरी किल्ली मिळत नाही. ही युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तिच्यावरच काम चालतं.

पूर्वी दोन शाखा जोडायच्या तर कंपन्या टेलिफोन खात्याकडून खास लाइन भाड्याने घेत. ती महाग पडे. नव्वदच्या दशकात इंटरनेट पसरलं तेव्हा त्याच सार्वजनिक रस्त्यावरून खाजगी वाहतूक करायच्या पद्धती निघाल्या. तेव्हा घरचा जाड संगणक ऑफिसला जोडणं एवढीच कल्पना होती. आज तेच काम खिशातल्या फोनवर होतं आणि गुंतागुंत तिथूनच सुरू होते. ऑफिसने दिलेला लॅपटॉप ऑफिसचा असतो. फोन मात्र आपला असतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. यूट्यूबवर ज्यांच्या जाहिराती येतात ते व्हीपीएन आणि ऑफिसचा व्हीपीएन यांचं तंत्र सारखं आहे, पण हेतू वेगळे. जाहिरातीतला व्हीपीएन तुमची वाहतूक त्या कंपनीच्या सर्व्हरवरून बाहेर सोडतो. ऑफिसचा व्हीपीएन तुम्हाला ऑफिसच्या आत नेतो. "भारतात व्हीपीएनवर बंदी आहे ना?" असंही एकाने विचारलं होतं. तशी सरसकट बंदी नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर दिलेल्या खुलाशात कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही, असं स्पष्ट केलं. तेव्हा ऑफिसच्या व्हीपीएनबद्दल ती काळजी नको.

जोडणी कशी करायची?

दोन रस्ते आहेत. पहिला, फोनमध्ये आधीपासून असलेली सोय. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग व्हीपीएन. सॅमसंगमध्ये हेच 'कनेक्शन्स'च्या आत 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये असतं. आयफोनमध्ये सेटिंग्ज, 'जनरल', 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'. तिथे नवी जोडणी करताना प्रकार, सर्व्हरचा पत्ता, ओळख आणि पासवर्ड किंवा प्रमाणपत्र विचारतात. ही सगळी माहिती आयटीवाल्यांनी दिलेलीच भरायची, अंदाजाने काही भरायचं नाही.

प्रकारात 'आयकेईव्ही२' दिसलं तर उत्तम. फोनसाठी तो सोयीचा आहे. २००६ मध्ये त्याला 'मोबाइक' नावाची जोड मिळाली, जिच्यामुळे जाळं बदललं तरी बोगदा तुटत नाही. घरच्या वाय-फायवर मीटिंग सुरू आहे, तुम्ही जिना उतरून गाडीपाशी आलात, फोन मोबाइल डेटावर गेला, तरी नव्याने लॉगिन करावं लागत नाही. याउलट जुन्या कंपनीच्या जुन्या सूचनांमध्ये 'पीपीटीपी' असं लिहिलेलं आढळलं तर सरळ आयटीला कळवा. ती पद्धत असुरक्षित आहे हे केव्हाच सिद्ध झालंय. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० पासून ती काढून टाकली आणि अँड्रॉइड १२ पासून बहुतेक फोनवर तिची नवी जोडणी करता येत नाही. "माझ्या नव्या फोनवर तो पर्यायच दिसत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांना उत्तर हेच. फोन बिघडलेला नाही, सूचना जुन्या आहेत.

दुसरा रस्ता म्हणजे कंपनीने सांगितलेलं ॲप. सिस्को, पालो आल्टो, फोर्टिनेट अशांची ॲप्स मोठ्या कंपन्यांत नेहमी दिसतात. ॲप फक्त प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून घ्या. कोणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून "ही इन्स्टॉल कर" म्हणालं तर ती घेऊ नका, मग पाठवणारा स्वतःला आयटीवाला म्हणवत असला तरी.

जोडणी झाली की अँड्रॉइडवर वरच्या पट्टीत छोटी किल्ली दिसते. आयफोनवर 'व्हीपीएन' अशी अक्षरं दिसतात. बहुतेक नव्या आयफोनवर ती पाहायला वरून कंट्रोल सेंटर ओढावं लागतं. ही खूण ओळखायला शिका. किल्ली दिसतेय म्हणजे तुम्ही आत्ता बोगद्यात आहात.

तीन वेगळ्या परवानग्या

आता मुख्य मुद्दा. ऑफिसचा मेल एकच असला तरी त्यात तीन वेगळ्या परवानग्या असू शकतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या की निम्मं काम झालं.

पहिली परवानगी खुद्द व्हीपीएनची. फोन विचारतो की हे ॲप व्हीपीएन जोडणी करू पाहतंय, त्यामुळे त्याला नेटवर्कच्या वाहतुकीवर लक्ष ठेवता येईल, विश्वास असेल तरच हो म्हणा. ऑफिसच्या ॲपला ही द्यावीच लागते. तिच्यामुळे किती दिसतं हे ऑफिसने बोगदा कसा आखलाय त्यावर ठरतं. काही कंपन्या फक्त ऑफिसकडे जाणारी वाहतूक बोगद्यात घालतात, बाकीची सरळ बाहेर जाते. याला स्प्लिट टनेल म्हणतात. काही कंपन्या सगळंच बोगद्यातून नेतात. मग तुमचं क्रिकेटचं स्कोअरकार्डही आधी ऑफिसच्या गेटवेपर्यंत जाऊन येतं.

हे तपासायची सोपी रीत आहे. व्हीपीएन बंद असताना ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि आकडा पाहून ठेवा. व्हीपीएन चालू करून पुन्हा शोधा. आकडा बदलला तर त्या ब्राउझरची वाहतूक ऑफिसवरून जातेय असं समजा. त्या स्थितीत ऑफिसला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे साधारण कळू शकतं, पण तिथे काय वाचलंत किंवा लिहिलंत ते कळत नाही, कारण आज बहुतेक साइट स्वतःचं वेगळं कुलूप लावतात. व्हॉट्सॲपचे निरोपही त्यांच्या स्वतःच्या कुलपात असतात. म्हणजे व्हॉट्सॲप वापरलं हे कळेल, आजीशी काय बोललात ते नाही.

दुसरी परवानगी प्रमाणपत्राची, म्हणजे सर्टिफिकेटची. यात दोन जाती आहेत. एक प्रमाणपत्र तुमची ओळख पटवतं. ते ऑफिसच्या ओळखपत्रासारखं असतं आणि त्यात वावगं काही नाही. दुसऱ्या जातीला 'सीए सर्टिफिकेट' किंवा 'रूट सर्टिफिकेट' म्हणतात. ते फोनला सांगतं की ऑफिस ज्याला खरं म्हणेल त्याला तूही खरं मान. हे बसवलं आणि सगळी वाहतूक ऑफिसवरून जात असेल, तर ऑफिसला ब्राउझरमधली कुलूपबंद पानंही मधे उघडून तपासता येतात. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप्स असं बाहेरून बसवलेलं प्रमाणपत्र मानत नाहीत, ब्राउझरचं मात्र तसं नाही. ते बसवताना अँड्रॉइड इशारा देतो की तुमच्या नेटवर्कवर लक्ष ठेवलं जाऊ शकतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे असणं समजू शकतं. स्वतःच्या फोनवर, घरगुती वापराच्या भागात, ते नको.

तिसरी परवानगी फोनच्या व्यवस्थापनाची. 'डिव्हाइस ॲडमिन' किंवा 'डिव्हाइस मॅनेजमेंट' अशी नावं दिसतात. व्हीपीएन म्हणजे वाहतूक; व्यवस्थापन म्हणजे खुद्द फोनवर अधिकार. पासवर्ड किती लांब असावा हे ठरवणं, फोन दुरून लॉक करणं आणि दुरून पुसणं. माझ्या भाचीच्या स्क्रीनवर आलेली ओळ यातली होती. कंपनीचं म्हणणंही समजून घ्या. फोन हरवला आणि त्यात ग्राहकांची माहिती असेल, तर ती पुसायचा मार्ग त्यांना हवाच. प्रश्न एवढाच की त्यांची माहिती पुसताना आपले फोटो का जावेत?

मधला मार्ग

त्यांचं त्यांनी पुसावं, आपलं आपल्याकडे राहावं, याची सोय फोनमध्ये आहे आणि ती बरीच जुनी आहे. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून 'वर्क प्रोफाइल' आहे. एकाच फोनमध्ये भिंत घालून दोन खोल्या केल्यासारखं. ऑफिसची ॲप्स एका खोलीत, त्यांच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस. तुमची ॲप्स दुसऱ्या खोलीत. ऑफिसला त्यांच्या खोलीत पूर्ण अधिकार असतात. तुमच्या खोलीतले फोटो, निरोप, ॲप्सची यादी त्यांना दिसत नाही. ऑफिसने पुसलं तर फक्त त्यांची खोली रिकामी होते. त्या खोलीत बसवलेला व्हीपीएनही त्या खोलीपुरताच चालतो, म्हणजे तुमच्या घरगुती ब्राउझरची वाहतूक त्यातून जातच नाही.

आयफोनमध्ये अशी दोन खोल्यांची रचना डोळ्यांना दिसत नाही, पण काम साधारण तसंच होतं. २०१९ च्या आयओएस १३ पासून 'यूजर एनरोलमेंट' नावाची पद्धत आहे, जी खास स्वतःच्या फोनसाठी केली आहे. तिच्यात ऑफिसचा डेटा वेगळ्या कप्प्यात राहतो आणि ऑफिसला अख्खा फोन पुसता येत नाही. शिवाय ठराविक ॲप्सपुरताच व्हीपीएन लावायची सोय आयओएस ७ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे.

भाचीला मी एवढंच सांगितलं की नकार देऊ नकोस, प्रश्न विचार. तिने आयटीला लिहिलं, "हा फोन माझा स्वतःचा आहे. त्यावर वर्क प्रोफाइलने जोडणी होईल का?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिचं नाव कंपनीने दिलेल्या फोनच्या यादीत गेलं होतं, म्हणून पूर्ण अधिकार मागितले जात होते. त्यांनी यादी बदलली, नवी लिंक पाठवली आणि दहा मिनिटांत काम झालं. नवीन नोकरीत असं विचारलं तर वाईट दिसेल, अशी तिला धाकधूक होती. तसं काही झालं नाही. आयटीवाल्यांना असे प्रश्न नवे नाहीत आणि विचारणारा माणूस त्यांना काळजीपूर्वक वागणाराच वाटतो.

समजा कंपनीकडे अशी सोयच नसेल तर? मग तीन पर्याय उरतात. कंपनीकडे फोन मागा. घरात पडलेला जुना फोन, सुरक्षा अपडेट मिळत असतील तर, त्या कामाला लावा. नाहीतर फोनवर व्हीपीएन न घेता काम लॅपटॉपपुरतं ठेवा. आणि द्यायचंच ठरलं तर आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या ठिकाणी उघडून पाहा. तो कसा, ते मागच्या लेखात आहेच.

जोडणी होत नाही, तेव्हा

नेहमीची कारणं सांगतो, म्हणजे रात्री दहाला हेल्पडेस्कच्या रांगेत बसावं लागणार नाही.

फोनचं घड्याळ चुकलेलं असेल तर प्रमाणपत्र अमान्य ठरतं. तारीख-वेळ आपोआप ठरू द्या.

दुसरा व्हीपीएन चालू असेल तर पहिला बंद पडतो, कारण एका खोलीत एका वेळी एकच चालतो. गंमत म्हणजे जाहिराती अडवणारी काही ॲप्ससुद्धा आतून व्हीपीएनचीच जागा वापरतात. त्यामुळे "मी तर दुसरा व्हीपीएन टाकलेलाच नाही" म्हणणाऱ्यांनीही एकदा यादी पाहावी.

स्क्रीन बंद केल्यावर दर काही मिनिटांनी जोडणी तुटत असेल तर फोनची बॅटरी बचत ते ॲप झोपवतेय. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही चिनी बनावटीच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं.

फोनवर व्हीपीएन चालू आहे आणि हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडलाय, तरी लॅपटॉप बोगद्यात येत नाही. लॅपटॉपवर वेगळा व्हीपीएन चालू करावा लागतो.

आणि व्हीपीएन चालू असताना काही बँकांची ॲप्स उघडायलाच तयार नसतात. छप्पन दुकानला पैसे देताना यूपीआय अडकलं तर आधी वरच्या पट्टीत किल्ली आहे का बघा. वर्क प्रोफाइल असेल तर हा त्रास सहसा होत नाही.

आपली बाजू

ऑफिसला काय दिसतं याची काळजी आपण करतो. ऑफिसने आपल्या हातात काय दिलंय, तेही पाहू. व्हीपीएन असलेला फोन म्हणजे ऑफिसच्या दाराची किल्ली.

७ मे २०२१ रोजी अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन या कंपनीवर सायबर हल्ला झाला. टेक्साससारख्या तेलाच्या भागातून पूर्व किनाऱ्याकडे इंधन नेणारी ही मोठी वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी दिली. हल्लेखोर आत आले ते वापरात नसलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला फक्त पासवर्ड होता, दुसरी तपासणी नव्हती.

दुसरी तपासणी असूनही माणूस फसतो, याचं उदाहरण सप्टेंबर २०२२ मधलं. उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटी माणसाचा पासवर्ड चोरांच्या हाती लागला होता. चोर पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, त्या माणसाच्या फोनवर "तुम्हीच आहात का?" अशा विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मान्य केली. कंटाळून 'हो' म्हणणं किती सोपं आहे, हे लग्नाच्या पंगतीत बसून फोन चाळणाऱ्याला सांगायला नको. म्हणून नियम साधा ठेवा. आपण स्वतः आत्ता लॉगिन करत नसू, तर आलेली विनंती नाकारायची आणि आयटीला कळवायचं. ती एकदा आली तरी आणि वीसदा आली तरी.

फोन हरवला तर पहिला निरोप ऑफिसला, मग सिम बंद करणं, मग पोलीस. "मिळेल संध्याकाळपर्यंत" म्हणून वाट पाहू नका. तुमची खोली वेगळी असेल तर ऑफिसने त्यांची खोली पुसल्याने तुमचं काही जात नाही, त्यामुळे कळवायला मन कचरत नाही. हाही वर्क प्रोफाइलचा एक फायदाच.

नोकरी सोडताना शेवटच्या दिवसाची वाट न पाहता ऑफिसच्या कप्प्यात चुकून गेलेलं स्वतःचं काही असेल, म्हणजे पगारपत्रक, फॉर्म १६, अनुभवाचा दाखला, ते नियमात बसेल तसं मागून घ्या. त्यानंतर सेटिंग्जमधून वर्क प्रोफाइल काढून टाका. आयफोनवर 'डिव्हाइस मॅनेजमेंट'मधलं कंपनीचं प्रोफाइल काढा. मागे राहिलेलं खातं दोघांनाही धोक्याचं. कलोनियलचं दार असंच उघडं राहिलं होतं.

आणि ऑफिस बंद करायचं बटण

व्हीपीएन फोनवर आला की ऑफिस जेवणाच्या ताटाजवळ येतं. पाहुणे आलेत, आजी काही विचारतेय, आणि आपण "एकच मिनिट" म्हणत कोणाचं तरी तिकीट बंद करतोय, हे आमच्या घरातही होतं. वर्क प्रोफाइलमध्ये एक बटण आहे, 'वर्क ॲप्स' थांबवण्याचं. ते दाबलं की ब्रीफकेसवाली सगळी चिन्हं करडी होतात, सूचना थांबतात आणि त्या खोलीतला व्हीपीएनही बंद होतो. ऑन-कॉल नसेन त्या दिवशी मी संध्याकाळी ते दाबतो. सकाळी पोहे झाले की पुन्हा चालू. टीमला माहीत आहे, खरंच आग लागली तर ते साधा फोन करतात. आजवर दोनदाच आला.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक शब्द. मुलगा दुपारी फोनमध्ये डोकं घालून बसलाय म्हणजे तो खेळतच असेल असं नाही. वर किल्ली दिसतेय का बघा. दिसत असेल तर तो ऑफिसात आहे, जरा वेळाने हाक मारा. आणि रात्री नऊनंतरही ती किल्ली रोज दिसत असेल, तर जरूर टोका.

शेवटी, आयटीला पाठवायचा निरोप देतो. हवा तसा बदलून वापरा:

"हा माझा वैयक्तिक फोन आहे. तीन गोष्टी कळवाल का? एक, वर्क प्रोफाइल किंवा यूजर एनरोलमेंटने जोडणी होईल का? दोन, व्हीपीएनमधून फक्त ऑफिसची वाहतूक जाते की सगळी? तीन, फोन पुसायची वेळ आली तर फक्त ऑफिसचा डेटा पुसला जातो की अख्खा फोन?"

तिन्ही उत्तरं लेखी मिळाली की मगच 'अलाउ' दाबा. पुढच्या महिन्यात फोन बदलताना ऑथेंटिकेटर ॲप नव्या फोनवर कसं न्यायचं ते पाहू. जुना फोन एक्सचेंजमध्ये द्यायचा विचार असेल तर तेवढा महिनाभर थांबा.